घर बदलल्यापासून जिलबी क्रेटमध्ये झोपत नाही

पारिजात | मंगळवार, रात्री ११:३५

नमस्कार मंडळी. धागा जरा लांब होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही.

जिलबी आमची देशी कुत्री. ५ वर्षांची, १६ किलो. शेपटीचं वेटोळं बघून सासूबाईंनी नाव ठेवलं. चार महिन्यांची असल्यापासून रात्री क्रेटमध्ये झोपते. साधा तारेचा, ३६ इंची, घडी होणारा क्रेट. साडेदहा वाजले की आपली आपण आत जाऊन बसायची, दार मी नंतर सवडीने लावायचे. पाच वर्षांत रात्री भुंकली असेल तर फक्त दिवाळीत.

आम्ही सदाशिव पेठेतल्या तळमजल्यावरच्या घरातून वाकडला सातव्या मजल्यावर आलो. आज एकोणिसावी रात्र. क्रेटपाशी नेलं की पाय रोवून उभी राहते. उचलून आत ठेवलं तर तासभर नुसती धापा टाकते, मग कसाबसा डोळा लागतो. अडीचच्या सुमाराला जी उठते, ती भुंकून घर डोक्यावर घेते आणि दार खरवडत राहते. परवा नखातून रक्त आलं. गाढ झोपली की तिच्या शेपटीचं वेटोळं सुटतं, ते इथे आल्यापासून मी एकदाही पाहिलेलं नाही.

क्रेट सोडून का देत नाही, तेही सांगते. सासूबाईंचं मार्चमध्ये खुब्याचं ऑपरेशन झालंय. वॉकर घेऊन त्या रात्री दोन-तीनदा उठतात. जिलबी मोकळी असली की बरोब्बर पॅसेजमध्ये आडवी पसरते, काळोखात दिसत नाही. एकदा वॉकर तिच्या पोटाला लागला आणि दोघीही घाबरल्या.

"रडू द्या, दोन दिवसांत गप्प होईल" असं एकानं सांगितलं म्हणून तेही केलं. गप्प तर झाली नाहीच, खालच्या मजल्यावरचे काका मात्र वर आले. माझ्या झोपेचं खोबरं झालंय आणि तिचे हाल बघवत नाहीत. काय करू?

खारूताई | मंगळवार, रात्री ११:५८

अरेरे, बिचारी जिलबी. आधी थोडे प्रश्न. जुन्या घरी क्रेट कुठे होता आणि आता कुठे आहे? आतलं अंथरूण तेच आहे का? आणि सामान हलवलं त्या दिवशी ती कुठे होती? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, नीट आठवून सांग.

पारिजात | बुधवार, सकाळी ७:१०

जुन्या घरी क्रेट आमच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी होता. इथली खोली लहान आहे आणि कपाट यायचंय, म्हणून हॉलमध्ये मुख्य दाराशेजारच्या भिंतीला लावलाय.

अंथरूण म्हणजे तिची गोधडी. नव्या घरात सगळं स्वच्छ असावं म्हणून मी ती आणि क्रेटचा ट्रेसुद्धा फिनाईल घालून धुतला.

सामानाच्या दिवसाबद्दल लिहिताना हात जड होतोय. माणसं सकाळी आठला आली. जिलबी पायात येत होती म्हणून मी तिला क्रेटमध्ये घालून स्वयंपाकघरात ठेवलं. सहा तास. बाहेर चिकटपट्टी ओढल्याचे आवाज, कपाटं खोलायला ड्रिल. मग क्रेट न्यायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "असू द्या आतच, उचलतो तसाच." दोघांनी उचलला, एका बाजूनं कलला, ट्रे सरकला आणि तिचा मागचा पाय तारेतून खाली लोंबकळत राहिला. गाडीपर्यंत तशीच. मी शेजारून चालत होते. आत आहे म्हणजे सुरक्षित आहे, असंच मला वाटत होतं.

श्वानसखी | बुधवार, सकाळी ९:२५

पारिजात, लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. पाच वर्षं तो क्रेट तिची हक्काची जागा होती. त्या एका दिवशी तिथूनच तिला पळता आलं नाही. वर तिचा वासही तुम्ही धुऊन टाकलात. म्हणजे तिच्या लेखी हा तो क्रेट राहिलेलाच नाही. म्हणून "जुनी सवय परत लावायची" हा विचार सोडा. ही वस्तू तिनं आयुष्यात प्रथमच पाहिली आहे असं समजून सुरुवात करा.

नखातून रक्त येईपर्यंत दार खरवडणं हा हट्ट नाही हो, जिवाच्या आकांतानं सुटायची धडपड आहे. अशा कुत्र्याला रडू दिलं तर ते इतकंच शिकतं की हाक मारून कुणी येत नाही. ते आजपासून बंद.

आज क्रेटचं दार बिजागरीतून काढूनच ठेवा, म्हणजे मागे "खट्" आवाज व्हायची भीती राहणार नाही. जेवणाचा वाडगा क्रेटपासून तिला चालेल तेवढ्या अंतरावर ठेवा. हात दोन हात लांब असला तरी हरकत नाही. रोज वीतभर पुढे. चिकनचे तुकडे आत टाकायचे, ती गेली आणि लगेच बाहेर आली तरी काही बोलायचं नाही. ढकलायचं नाही, उचलून ठेवायचं तर मुळीच नाही. आत बसून शांतपणे चघळायला लागली की मगच दार परत लावायचं, आणि तेही आधी नुसतं लोटून. मग दोन सेकंद, दहा सेकंद, एक मिनिट. ती कुरकुरायच्या आत उघडायचं. एखाद्या दिवशी बिघडलं तर आदल्या दिवशीच्या पायरीवर या.

ट्रे खालून सरकू देऊ नका, रबरी चटई घाला. आत असताना गळ्यातला पट्टा काढा, तारेत अडकून फास बसू शकतो. वरून पांघरूण घालायचं तर सुती कापड, तीन बाजूंनीच, वारा खेळता राहिला पाहिजे.

तोवर ती झोपणार कुठे? तुमच्या शेजारी. काही दिवस हॉलमध्ये गादी टाकून झोपता येईल का? लांब पट्टा तुमच्या मनगटाला, म्हणजे आजींच्या वाटेत जाणार नाही.

आणि एक वही करा. रात्री किती वाजता उठली, उठून कुठे बघते, तेव्हा घरात-इमारतीत काय चालू होतं. रोज अडीचलाच का उठते, हे मला कळत नाहीये. भीतीला घड्याळ नसतं.

माळावरचा | बुधवार, दुपारी १:४०

मी मंगळवेढ्याकडचा. आमच्याकडं कुत्री अंगणात नाहीतर गोठ्यात झोपतात, पिंजरा ही गोष्ट मला मनापासून पटत नाही. पण तुमची अडचण खरी आहे, म्हातारं माणूस पडलं तर उठवायला किती महिने जातात ते घरात बघितलंय.

एक सांगतो. आम्ही नवा गोठा बांधला तेव्हा म्हशीनं दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही, दूध आटलं. वडलांनी जुन्या गोठ्यातलं तुडवलेलं गवताड दोन पाट्या भरून आणलं आणि नव्या दावणीपुढं पसरलं. रात्रीत बसली. जनावराचं घर नाकात असतं. ती गोधडी धुवायला नको होती ताई. आता धुतलीच आहे तर तुमच्या अंगावरचं काहीतरी द्या तिला, साबण न लावलेलं.

गुरांचा_डॉक्टर | बुधवार, रात्री ८:०५

पशुवैद्य आहे, सांगलीला. वर श्वानसखींनी लिहिलंय ते योग्यच आहे, पण त्याच्या आधी एकदा तपासून घ्या. पाच वर्षांची कुत्री अचानक रात्री अस्वस्थ होते तेव्हा सगळंच घराच्या बदलावर ढकलू नये. कानात संसर्ग, लघवीचा त्रास, कंबर किंवा मागच्या पायाचं दुखणं, हे सगळं रात्री पडून राहिल्यावर जास्त जाणवतं. त्यातून तुम्ही सांगताय की पाय तारेतून लोंबकळत होता. तो सांधा दाबून बघायला हवा.

गोचीड तापही लक्षात ठेवा. हिरड्या फिक्या, खाणं कमी, अंग गरम, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर रक्त तपासा. कुत्र्याचं तापमान आपल्यापेक्षा जास्तच असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणून घाबरू नका, थर्मामीटर लावा.

आणि हात जोडून विनंती, घरातलं माणसांचं झोपेचं किंवा दुखण्याचं औषध देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला बाधतात. भीती कमी करणारी औषधं आमच्याकडे आहेत आणि गरज पडली तर जरूर वापरावीत, त्यात कमीपणा नाही. पण नुसतं गुंगी आणणारं औषध दिलं तर अंग ढिलं पडतं आणि भीती आत तशीच राहते. बघणाऱ्याला वाटतं शांत झाली.

उत्तरध्रुव | गुरुवार, पहाटे ३:१५

स्टॉकहोमहून लिहितोय. इथे घरात कुत्र्याला बंद क्रेटमध्ये ठेवायला कायद्यानं परवानगीच नाही. प्रवास, स्पर्धा असे मोजके प्रसंग सोडले तर दार उघडंच हवं. दिवसा दर सहा तासांनी तरी बाहेर फिरवून आणायचं, हाही नियम आहे. आमच्याकडे दोन कुत्री आहेत, कधी दार लावावं लागलं नाही. पारिजात, तुमच्यावर टीका करायची नाही, पण प्रश्न आजींच्या वाटेचा असेल तर लहान मुलांसाठी दारात लावतात तसं जाळीचं फाटक पॅसेजला लावलं तर?

श्वानसखी | गुरुवार, सकाळी ८:५०

उत्तरध्रुव, फाटकाची सूचना चांगली आहे. दिवसभर कोंडून ठेवायच्या मी पूर्ण विरुद्ध आहे आणि आपल्याकडे ते सर्रास होतं. ज्या क्रेटमध्ये कुत्र्याला मान न वाकवता उभं राहता येत नाही, गोल फिरता येत नाही, पाय ताणून झोपता येत नाही, तो क्रेटच नव्हे. तरीही क्रेटशी ओळख असावी असं मला वाटतं. उद्या शस्त्रक्रिया झाली, प्रवास करायची वेळ आली, तर ती ओळख कामाला येते.

पारिजात | गुरुवार, रात्री १०:२०

डॉक्टर, आज दाखवून आणली. कान, सांधे, रक्त सगळं ठीक. नखाला मलम दिलंय.

उत्तरध्रुव, राग अजिबात नाही. फाटक लावायचा विचार केला होता, पण वॉकर धरून रात्री ते उघडणं सासूबाईंना जमणार नाही.

माळावरचा दादा, तुमचं लिहिलेलं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. ट्रंकेतून एक विटकी सुती साडी काढली, आज दिवसभर नेसल्या, रात्री सोडून घडी घालून माझ्या हातात दिली. "उद्यापण नेसते मग दे, एका दिवसाचा वास पुरायचा नाही." जिलबी क्रेटपाशी जात नव्हती, पण साडीवर नाक ठेवून बसली.

कोपऱ्यातली_खुर्ची | शुक्रवार, सकाळी ११:३०

खालच्या काकांचं प्रकरण वाढलं तर असू द्या म्हणून लिहितो. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. पण रात्री कुत्रं शांत राहील असा प्रयत्न करा, असं त्याच सूचना पाळणाऱ्यालाही सांगतात. त्यामुळे कागद दाखवण्याआधी काकांना जाऊन भेटा, काय करताय ते सांगा. आणि तुम्ही पुण्यातून पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत गेलात, तेव्हा तिथल्या महापालिकेचा परवाना नव्यानं काढा. रेबीजच्या लसीचा दाखला लागेल.

पारिजात | मंगळवार, सकाळी ६:४५

मंडळी, सापडलं. रात्रभर जागी आहे, तरी आधी इथे लिहितेय.

श्वानसखींनी सांगितल्याप्रमाणे वही केली. मंगळवारचं आठवून लिहिलं, बुधवारपासून मी तिच्या शेजारी हॉलमध्येच झोपतेय. मंगळवार २:३५, बुधवार २:४०, गुरुवार २:३०, शुक्रवार २:५०. शनिवारी रात्री उठलीच नाही. रविवारीही नाही. मला वाटलं साडीनं जादू केली. काल सोमवार, परत २:४०.

वही बघितली तेव्हा डोक्यात आलं की शनिवार-रविवार कुत्र्याला कळत नाहीत, ते माणसांचे असतात. उठल्यावर ती दरवेळी दाराशेजारच्या भिंतीकडे बघते, हेही लिहून ठेवलं होतं. म्हणून काल मी गादी बाजूला सारली आणि क्रेट असतो त्याच जागी फरशीवर कान टेकून पडून राहिले. उभं असताना मला काहीच ऐकू येत नाही. पण २:३८ ला फरशीतून आधी एक बारीक घरघर आली, वाढत गेली, मग भिंतीत धप्प झालं. माझ्या गालाला तो धक्का कळला. त्याआधीच जिलबी ताठ उभी होती.

त्या भिंतीपलीकडे लिफ्ट आहे. समोरच्या फ्लॅटमधला मुलगा हिंजवडीला अमेरिकेच्या वेळेप्रमाणे काम करतो, कंपनीची गाडी त्याला अडीचच्या सुमाराला सोडते. दिवसा लिफ्ट शंभरदा येते, पण तेव्हा सगळीकडेच आवाज असतो. रात्री तोच एक.

तळमजल्यावर जन्म गेलेल्या कुत्रीला मी त्या भिंतीला चिकटवून, तारेच्या पिंजऱ्यात, गुळगुळीत फरशीवर ठेवलं होतं. तो धक्का तारांमधून तिच्या अंगाखाली येत असणार. आणि क्रेट हलला की काय होतं, ते तिला माहीत आहे.

खारूताई | मंगळवार, सकाळी ७:३०

अगं, अंगावर काटा आला वाचून. तू तिच्या जागी झोपून बघितलंस हे किती छान केलंस.

श्वानसखी | मंगळवार, सकाळी ९:१५

वाचून डोळे भरून आले. आता कपाट राहू दे, क्रेट तुमच्या खोलीत न्या. जुन्या घरी होता तसाच, तुमच्या पायथ्याशी, पडल्यापडल्या तुम्ही तिला दिसाल असा. लिफ्टचा आवाज मोबाइलवर घ्या. दिवसा अगदी हळू आवाजात लावा, आवाज आला की चिकन, थांबला की चिकन बंद. कान टवकारले तर आवाज मोठा आहे, कमी करा. फरशीतला धक्का मोबाइलला आणता येणार नाही, म्हणून दिवसा दोन-चार वेळा त्या भिंतीपाशी तिला घेऊन बसा आणि खरी लिफ्ट आली की तुकडा द्या.

पारिजात | रविवार, दुपारी ४:००

जवळजवळ तीन आठवड्यांनी लिहितेय. पलंग हातभर खिडकीकडे सरकवला, सुताराला कपाटासाठी पुढच्या महिन्यात ये म्हटलं. क्रेट पायथ्याशी, खाली दोन योगा मॅट, आत सासूबाईंची साडी.

पहिले पाच दिवस ती फक्त मान आत घालून तुकडा उचलायची, मागचे पाय बाहेर. जो पाय अडकला होता तो सगळ्यात शेवटी आत आला, सहाव्या दिवशी. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आठव्या दिवशी दुपारी आपण होऊन आत जाऊन झोपली. दार अकराव्या दिवशी परत बसवलं. मध्ये एकदा घाई केली, एका मिनिटावरून थेट दहावर गेले, तर दोन दिवस मागे गेलो. आता रात्री दार लोटलेलं असतं, कडी लावत नाही. पहाटे सासूबाईंची वॉकरची टकटक झाली की ती आतूनच मान वर करून बघते. खोलीचं दार लावलेलं असतं, त्यामुळे पॅसेजचा प्रश्न उरला नाही. उत्तरध्रुव, उघड्या दाराचं तुमचं म्हणणं असं वेगळ्या वाटेनं आमच्याकडे पोचलं.

समोरच्या मुलाला मी सहज सांगितलं तर त्याला फार वाईट वाटलं. त्याची काही चूक नाही. आता तो दुपारी उठला की तिला उकडलेल्या अंड्याचा तुकडा देतो. खालच्या काकांनाही भेटून आले.

परवा रात्री मी मुद्दाम जागी होते. २:४५ ला लिफ्ट आली. जिलबीचा एक कान उभा राहिला, पाचेक सेकंद तसाच होता, मग खाली गेला. मोबाइलच्या उजेडात बघितलं, वेटोळं सुटलेलं होतं. शेपटी साडीवर सरळ पसरली होती.

माळावरचा | रविवार, सायंकाळी ६:२०

लई बरं वाटलं ताई. आजींना नमस्कार सांगा.

नवखा_बीगलवाला | सोमवार, सकाळी १०:०५

पूर्ण धागा वाचला. आमचा बीगल दीड वर्षाचा आहे, पुढच्या महिन्यात ठाण्याहून नाशिकला जातोय. क्रेटमध्येच झोपतो. सामानाच्या दिवशी नेमकं काय करू?

पारिजात | सोमवार, सकाळी १०:४०

त्या दिवशी त्याला घरात ठेवूच नका. ज्यांच्या घरी तो आधी राहिलाय अशा कुणाकडे तरी सकाळीच सोडा. क्रेट सगळ्यात शेवटी आवरा, रिकामा, आणि तुमच्या गाडीतून न्या. अंथरूण धुऊ नका, केस लागलेले असले तरी. नव्या घरी पोचलात की त्याला आणायच्या आधी क्रेट तुमच्या पलंगाजवळ मांडून ठेवा, पण मांडण्याआधी रात्री एकदा त्या जागी फरशीवर पडून कान लावून बघा. नाशिकला सोसायटीत जाताय की बंगल्यात? पाण्याची मोटर कुठे आहे, तेवढं विचारून घ्या.